ओपिऑइड पेनकिलर: दुष्परिणाम, धोके आणि घरात घ्यायची काळजी

काही वर्षांपूर्वी एका सकाळी माझ्या कडेगावच्या दवाखान्यासमोर एक जीप थांबली. मागच्या सीटवर साधारण सत्तरीच्या आजी आडव्या होत्या. रात्रभर मोठ्याने घोरत होत्या, सकाळी उठवायला गेले तर उठेनात. मी पाहिले तेव्हा मिनिटाला जेमतेम सात श्वास चालू होते, ओठ काळे-निळे पडले होते आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्या होत्या. ऑक्सिजन लावला, अँब्यू बॅगने श्वास देत राहिलो आणि १०८ च्या गाडीने त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवले. आजी वाचल्या.

"कसली गोळी चालू होती?" असे विचारल्यावर मुलाने खिशातून एक पाकीट काढले. "साधीच दुखण्याची गोळी हाय की, डॉक्टर. तीन महिनं झालं, तीच देतोय." ती ट्रॅमाडॉलची गोळी होती. गुडघ्यासाठी पाच दिवसांची लिहून दिलेली, नंतर रिकामे पाकीट दाखवून मेडिकलमधून पुन्हा पुन्हा आणलेली. आदल्या आठवड्यात त्यात झोपेच्या गोळीची भर पडली होती आणि तिची चिठ्ठी माझीच होती. चिठ्ठी लिहिताना मी विचारले होते, "आणखी काही औषध चालू आहे का?" उत्तर मिळाले, "फक्त दुखण्याची गोळी." मी पुढे नाव विचारले नाही.

ओळख पटू नये म्हणून या प्रसंगातले काही तपशील बदलले आहेत. मात्र हा लेख त्या सकाळमुळेच लिहिला आहे. 'दुखण्याची गोळी' हे औषधाचे नाव नव्हे. तुमच्या घरातली गोळी कोणत्या गटातली आहे, ती किती दिवस घ्यायची आणि कशासोबत घ्यायची नाही, एवढे कळले तरी बहुतेक अनर्थ टळतात.

थोडक्यात महत्त्वाचे

- सगळ्या पेनकिलर ओपिऑइड नसतात. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फिन, फेंटानिल, ब्युप्रेनॉर्फिन आणि पेंटाझोसिन ही ओपिऑइड गटातली औषधे आहेत.
- सर्वांत मोठा धोका म्हणजे श्वास मंदावणे. दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर तो अनेक पटींनी वाढतो.
- सर्वांत जास्त आढळणारा त्रास बद्धकोष्ठतेचा. तो आपोआप जात नाही.
- काही आठवडे रोज घेतलेली गोळी एकदम बंद करू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.
- कॅन्सरच्या वेदनेसाठी योग्य देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनला घाबरू नका.

ओपिऑइड म्हणजे काय?

अफूच्या बोंडातून निघणाऱ्या चिकात मॉर्फिन आणि कोडीन हे घटक निसर्गतःच असतात. या घटकांसारखे काम करणारी सर्व औषधे ओपिऑइड गटात येतात, मग ती अफूपासून काढलेली असोत की कारखान्यात तयार केलेली. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल आणि फेंटानिल ही कारखान्यात बनणारी औषधे आहेत.

पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि ॲसिक्लोफेनॅक ही औषधे या गटातली नाहीत. त्यांचे धोके वेगळे आहेत. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी पोटात व्रण होऊ शकतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो, पण त्यांनी श्वास मंदावत नाही आणि ओपिऑइडसारखे व्यसनही लागत नाही.

घरातली गोळी ओपिऑइड आहे हे कसे ओळखाल?

पाकिटावर मोठ्या अक्षरात असते ते कंपनीने दिलेले नाव. त्याखाली बारीक अक्षरात मूळ औषधाचे नाव असते, तेच वाचायचे. वाचता येत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करा किंवा मेडिकलवाल्यांना वाचून दाखवायला सांगा. पुढील ठिकाणी ओपिऑइड असण्याची शक्यता असते:

- गुडघे, कंबर, मणक्याची दुखणी आणि ऑपरेशननंतरच्या गोळ्या: ट्रॅमाडॉल, बहुधा पॅरासिटामॉलसोबत, किंवा टॅपेंटाडॉल.
- पोटात कळ येण्यावरच्या काही गोळ्या व कॅप्सूल: यांतही ट्रॅमाडॉल मिसळलेले असू शकते. हे अनेकांना माहीत नसते.
- कोरड्या खोकल्याची काही सिरप: कोडीन.
- त्वचेवर लावायचे वेदनाशामक पॅच: फेंटानिल किंवा ब्युप्रेनॉर्फिन.
- तीव्र वेदनेची इंजेक्शने: ट्रॅमाडॉल, पेंटाझोसिन, मॉर्फिन.

ट्रॅमाडॉल आणि कोडीन यांसारखी औषधे 'शेड्यूल एच-१' मध्ये येतात. अशा पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो आणि मेडिकलवाल्यांना विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रॅमाडॉलला अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत आणले. म्हणून जुने पाकीट दाखवून किंवा ओळखीवर ही गोळी मागू नका. मेडिकलवाल्यांनी चिठ्ठी मागितली, तर ते अडवणूक करत नाहीत, तुमचा जीव सांभाळत असतात.

ही औषधे शरीरात काय करतात?

मेंदू, मज्जारज्जू आणि आतडी यांत ओपिऑइडसाठी ठरावीक ग्राहक असतात. कुलपात किल्ली बसावी तसे हे औषध तिथे बसते. वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत कमी पोहोचतो आणि पोहोचला तरी तो तितकासा बोचत नाही. दुखण्याचे मूळ कारण मात्र जागच्या जागी राहते. गुडघ्याची झीज भरून येत नाही, दबलेली नस मोकळी होत नाही.

तीच किल्ली इतर कुलपांतही बसते. आतड्यांत बसली की त्यांची हालचाल मंदावते. मेंदूतल्या उलटीच्या केंद्रावर परिणाम झाला की मळमळते. श्वास चालवणाऱ्या केंद्रावर परिणाम झाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढूनही मेंदू 'जोरात श्वास घे' असा हुकूम देत नाही. जवळपास सगळे दुष्परिणाम यातूनच निर्माण होतात.

नेहमी दिसणारे दुष्परिणाम आणि त्यावर काय करावे

*बद्धकोष्ठता.* मळमळ आणि गुंगी काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठता मात्र गोळी चालू असेपर्यंत राहते. शौचाला खडा होतो, पोट फुगते, भूक जाते. गोळी काही दिवसांपेक्षा जास्त चालणार असेल तर पहिल्या दिवसापासूनच रेचक लागेल का, हे डॉक्टरांना विचारा. सहसा सेना किंवा बिसाकोडिल यांसारखे आतड्यांना चालना देणारे औषध वापरले जाते. इथे एक चूक नेहमी होते. घरात इसबगोल असते म्हणून तेच रोज दिले जाते. आतडी आधीच मंद आणि पाणी पिणे कमी, अशा वेळी इसबगोलाचा गोळा आतच अडकून त्रास वाढू शकतो. त्यामुळे नुसत्या इसबगोलावर विसंबू नका. पाणी, पालेभाजी आणि झेपेल तेवढे चालणे यांचाही उपयोग होतो.

*मळमळ आणि उलटी.* सुरुवातीच्या काही दिवसांत जास्त असते. गोळी काही खाल्ल्यावर घ्या. उलटी थांबतच नसेल तर कळवा, औषध किंवा डोस बदलता येतो.

*गुंगी आणि भोवळ.* पहिले काही दिवस आणि डोस वाढवल्यावर मोटारसायकल, ट्रॅक्टर चालवू नका. कडबाकुट्टी, ऊसतोडीचा कोयता, विहिरीवरची मोटर यांपासून दूर राहा. अंथरुणातून एकदम उठू नका. आधी बसा, थोडे थांबा, मग उभे राहा. वयस्कर माणूस रात्री लघवीला उठताना पडतो आणि खुब्याचे हाड मोडते, असे बऱ्याचदा घडते.

*लघवी तुंबणे.* प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्या पुरुषांत हे जास्त दिसते. सात-आठ तास लघवी झाली नाही आणि ओटीपोट दुखू लागले तर लगेच दवाखान्यात या.

*खाज, तोंड कोरडे पडणे, जास्त घाम येणे.* बहुधा किरकोळ असते. मात्र अंगावर गांधी उठल्या, चेहरा सुजला किंवा धाप लागली तर ती ॲलर्जी असू शकते. अशा वेळी गोळी थांबवून तातडीने दवाखाना गाठा.

*अनेक महिने घेतल्यास.* पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी होऊन अशक्तपणा आणि कामेच्छा कमी होणे, स्त्रियांत पाळी अनियमित होणे, झोपेत श्वास अडखळणे, असे त्रास होऊ शकतात. काहींच्या बाबतीत उलटेच घडते. गोळीमुळेच शरीर वेदनेला जास्त संवेदनशील होते. डोस वाढवला तरी दुखणे वाढते आणि पसरते.

जिवावर बेतणारे धोके

*१. श्वास मंदावणे*

विश्रांतीत असलेल्या निरोगी प्रौढ माणसाचे मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास होतात. ओपिऑइडचा डोस जास्त झाला की हा आकडा खाली येतो. माणूस तडफडत नाही, ओरडत नाही. तो फक्त जास्त गाढ झोपलेला दिसतो. घरचे म्हणतात, "बरं झालं, आज शांत झोप लागली." घुर्र-घुर्र आवाज करत घोरणे हे अनेकदा झोपेचे नसून अडखळणाऱ्या श्वासाचे लक्षण असते. नवीन गोळी सुरू केल्यावरचे आणि डोस वाढवल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस जास्त जोखमीचे असतात.

*२. चुकीची जोडी*

ओपिऑइडने झालेल्या अनेक दुर्घटनांत शरीरात दुसरेही गुंगी आणणारे औषध सापडते. पुढील गोष्टींबरोबर विशेष सावध राहा:

- दारू. देशी असो वा विदेशी, 'थोडीशीच' असो वा जास्त. गोळी चालू असताना अजिबात नको.
- झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, झोल्पिडेम.
- नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या: प्रेगाबालिन, गॅबापेंटिन. मणक्याच्या रुग्णांना या ट्रॅमाडॉलसोबत दिल्या जातात. देताना डोस जपून ठरवावा लागतो, स्वतःच्या मनाने वाढवू नये.
- स्नायू सैल करणारी औषधे आणि गुंगी आणणारी सर्दी-खोकल्याची औषधे.

टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल, म्हणजे एक ओपिऑइड आणि एक स्नायू सैल करणारे औषध, अशी मिश्र गोळी भारतात तयार होऊन पश्चिम आफ्रिकेतल्या देशांत नशेसाठी जात असल्याचे २०२५ च्या सुरुवातीला उघड झाले. त्यानंतर केंद्रीय औषध नियंत्रकांनी या जोडीच्या उत्पादनाची आणि निर्यातीची परवानगी मागे घेण्याचे आदेश दिले. दोन गुंगीची औषधे एकत्र आली की काय होते, ते यावरून लक्षात यावे.

*३. ट्रॅमाडॉलचे खास धोके*

ट्रॅमाडॉल सौम्य समजले जाते, म्हणून ते सर्रास दिले आणि घेतले जाते. पण त्याचे काही धोके इतर ओपिऑइडपेक्षा वेगळे आहेत.

- फिट येऊ शकते. डोस जास्त झाल्यास आणि आधीपासून फिटचा त्रास असल्यास शक्यता वाढते.
- नैराश्यावरच्या एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्यांसोबत सेरोटोनिन हे रसायन अति वाढू शकते. अस्वस्थता, थरथर, घाम, ताप, स्नायू ताठरणे आणि जुलाब ही त्याची लक्षणे आहेत.
- रक्तातली साखर खाली येऊ शकते. मधुमेहाच्या रुग्णाला घाम, थरथर किंवा गोंधळल्यासारखे झाले तर साखर तपासा.
- वयस्कर माणसांत सोडियम कमी होऊन बडबड, भ्रम होऊ शकतो.

प्रौढांसाठी ट्रॅमाडॉलची दिवसाची कमाल मर्यादा ४०० मिलिग्रॅम आहे, पंचाहत्तरीच्या पुढे ३००. ही मर्यादा आहे, नेहमीचा डोस नव्हे. मूत्रपिंड किंवा यकृत कमजोर असेल तर आणखी कमी लागते.

*४. लपलेले पॅरासिटामॉल*

ट्रॅमाडॉलच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉलही असते. त्यातच ताप आला म्हणून वेगळी पॅरासिटामॉलची गोळी घेतली तर डोस दुप्पट होतो. प्रौढांसाठी सर्व औषधे मिळून दिवसाला ४ ग्रॅम ही पॅरासिटामॉलची वरची मर्यादा आहे. दारू पिणाऱ्यांना, यकृताच्या रुग्णांना आणि अगदी कृश माणसांना ती त्याहून कमी असते. जास्त झाल्यास यकृत निकामी होऊ शकते.

कोणी जास्त जपावे?

- वयाची ६५ वर्षे ओलांडलेले, विशेषतः एकटे राहणारे.
- दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असणारे. आपल्याकडे चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या अनेक बायकांची फुप्फुसे कमजोर असतात आणि त्याचे निदान झालेले नसते. चढावर धाप लागत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.
- फार घोरणारे आणि झोपेत श्वास थांबणारे.
- मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे रुग्ण. औषध बाहेर पडायला वेळ लागतो आणि ते साठत जाते.
- गर्भवती स्त्रिया. रोज घेतल्यास जन्मानंतर बाळाला औषध तुटल्याचा त्रास होऊ शकतो.
- स्तनदा माता. काहींचे शरीर कोडीन आणि ट्रॅमाडॉलचे फार वेगाने जोरकस औषधात रूपांतर करते. ते दुधातून बाळाकडे जाऊन बाळाचा श्वास मंदावू शकतो.
- १२ वर्षांखालील मुले. त्यांना कोडीन किंवा ट्रॅमाडॉल देऊ नये. मोठ्यांचे खोकल्याचे सिरप 'अर्धा चमचा' करून लहानांना पाजणे धोक्याचे आहे.
- दारू किंवा इतर व्यसनाचा पूर्वेतिहास असणारे.

सवय, अवलंबित्व आणि व्यसन: यात फरक आहे

हे तीन शब्द आपण एकत्र वापरतो, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे.

*सहनशीलता:* पूर्वी एका गोळीने थांबणारे दुखणे आता दोन गोळ्यांनी थांबते. शरीर औषधाला सरावते.

*शारीरिक अवलंबित्व:* गोळी बंद केली की शरीर कुरकुर करते. काही आठवडे नियमित घेणाऱ्या कोणालाही हे होऊ शकते. तो चारित्र्याचा दोष नव्हे.

*व्यसन:* नुकसान होत असूनही गोळीची ओढ आवरत नाही. दुखणे नसतानाही घेतली जाते, डॉक्टर बदलले जातात, खोटे बोलले जाते, पैसे आणि काम यांचे भान राहत नाही.

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.१ टक्के भारतीय, म्हणजे सव्वादोन कोटींहून अधिक लोक, कोणते ना कोणते ओपिऑइड वापरत असल्याचे दिसले. त्यांत अफू आणि हेरॉइनबरोबर औषधी गोळ्या-सिरपचा बिगरवैद्यकीय वापरही होता, सुमारे एक टक्का. अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीतून सुरू झालेली लाट पुढे हेरॉइन आणि बेकायदा फेंटानिलपर्यंत गेली. २०२१ या एका वर्षात तिथे ओपिऑइडमुळे सुमारे ८० हजार मृत्यू झाले.

आपल्याकडे हा अनुभव नवा नाही. ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईतली तरुण मुले ज्या 'गर्द'मध्ये अडकली, ते म्हणजे अशुद्ध हेरॉइन, ओपिऑइडच. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले ते याच मुलांसाठी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी दिलेल्या मदतीतून. तेव्हापासून महाराष्ट्राला हे माहीत आहे की हा आजार आहे आणि त्यातून माणसे बाहेर पडतात. आता ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे वापरून देखरेखीखाली उपचार करता येतात. घरात कोणी अडकले असेल तर लपवू नका. नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या दोन्ही मोफत आहेत.

गोळी एकदम का बंद करू नये?

हा लेख वाचून भीतीपोटी आजच गोळी फेकून देऊ नका. दोन-चार दिवस घेतलेली गोळी सरळ थांबवता येते. अनेक आठवडे रोज घेतलेली गोळी एकदम बंद केल्यास जांभया, नाक वाहणे, अंगावर काटा येणे, पोटात मुरडा, जुलाब, हातपाय ओढणे, झोप उडणे आणि प्रचंड अस्वस्थता येते. साध्या गोळ्यांच्या बाबतीत हा त्रास साधारण ८ ते २४ तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतो आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरतो. बहुतेक वेळा तो जीवघेणा नसतो, पण असह्य होऊन माणूस पुन्हा गोळीकडे वळतो.

म्हणून डोस टप्प्याटप्प्याने कमी करतात. अनेक महिन्यांची सवय असेल तर साधारण दर एक ते चार आठवड्यांनी दहाव्या हिश्शाएवढा. वेग रुग्ण पाहून ठरतो. आणखी एक लक्षात ठेवा: काही दिवसांच्या खंडानंतर पूर्वीचाच मोठा डोस पुन्हा घेणे अतिशय धोक्याचे आहे, कारण तोवर शरीराची सहनशीलता गेलेली असते.

कॅन्सरच्या वेदनेत मॉर्फिन: इथे भीती आड येऊ देऊ नका

या विषयाची दुसरी बाजूही मला दवाखान्यात दिसते. कॅन्सर हाडांत पसरलेला रुग्ण रात्र रात्र कण्हत असतो आणि घरचे म्हणतात, "मॉर्फिन नको, व्यसन लागेल" किंवा "मॉर्फिन म्हणजे शेवटचं." या दोन्ही समजुतींपायी माणूस विनाकारण तळमळत राहतो.

मॉर्फिन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तीव्र वेदनेत, थोड्या डोसने सुरू करून, ठरावीक वेळेला दिल्यास ते सुरक्षितपणे वापरता येते. अशा रुग्णांत व्यसन क्वचितच लागते. ते सुरू केल्याने मृत्यू लवकर येतो असेही नाही. वेदना थांबल्यावर रुग्ण जेवतो, झोपतो, नातवंडांशी बोलतो. १९८५ च्या कडक कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवण्याची पद्धत सोपी केली. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात आणि पुण्यात वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्रात वेदनाशमनाची खास सेवा आहे. आपल्या भागातल्या रुग्णांनी आधी सांगली-मिरज किंवा कराडच्या कॅन्सर तज्ज्ञांकडे 'पॅलिएटिव्ह केअर' कुठे मिळेल, अशी थेट विचारणा करावी.

फेंटानिलचा पॅच लावला असेल तर त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, शेकू नका. उष्णतेने औषध झपाट्याने शरीरात जाते. पॅच कापू नका. नवीन लावताना जुना काढला आहे ना, याची खात्री करा. काढल्यावरही त्याचा परिणाम बरेच तास टिकतो.

तातडीची वेळ: ही लक्षणे दिसली तर

- हाका मारून, खांदा हलवूनही नीट जाग येत नाही.
- मिनिटाला १० पेक्षा कमी श्वास, किंवा श्वास मध्येच थांबतो. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट छाती मोजा.
- ओठ, नखे निळसर किंवा राखाडी. अंग गार, चिकट.
- बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक.
- घशातून घुरघुर किंवा विचित्र घोरणे.

काय करावे

१. लगेच १०८ ला फोन करा. 'गोळीमुळे गुंगी आली आहे, श्वास मंद आहे' असे स्पष्ट सांगा.

२. श्वास चालू असेल तर रुग्णाला कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडा, मान किंचित मागे करा. उलटी झाली तर ती घशात जाणार नाही.

३. श्वास थांबला असेल आणि शिकलेले असाल तर कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब द्या.

४. सर्व औषधांची पाकिटे सोबत घ्या, रिकामीसुद्धा.

५. एकटे सोडू नका.

काय करू नये: मिठाचे पाणी, ताक, लिंबूपाणी, कॉफी पाजू नका. उलटी करवू नका. कांदा हुंगवणे, तोंडावर पाणी मारत बसणे यात वेळ घालवू नका. 'झोप उतरेल' म्हणून वाट पाहू नका.

यावर नॅलोक्सोन हे प्रभावी उतारा-औषध आहे. ते ओपिऑइडला ग्राहकांवरून हटवते आणि काही मिनिटांत श्वास सुधारतो. मात्र त्याचा परिणाम साधारण ३० ते ९० मिनिटेच टिकतो. त्यामुळे रुग्ण उठून बसला तरी त्याला लगेच घरी नेण्याचा आग्रह धरू नका, पुन्हा गुंगी येऊ शकते. आजींच्या त्या सकाळी माझ्याकडे नॅलोक्सोन नव्हते. आता ते दवाखान्यात ठेवलेले असते.

घरात पाळायचे नियम

- गोळ्या फडताळात उघड्यावर ठेवू नका. कुलूपबंद, मुलांच्या हाताबाहेर ठेवा.
- एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नका. शेजारच्या काकूंना 'लगेच फरक पडला' म्हणजे ती तुम्हाला चालेल असे नाही.
- वयस्कर रुग्णाच्या गोळ्या घरातल्या एकाच व्यक्तीने द्याव्यात आणि वहीत वेळ लिहावी. 'घेतली का नाही' या घोळात दोनदा दिली जाते.
- डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका.
- दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी फोडू, कुटू किंवा चावू नका. बारा किंवा चोवीस तासांचे औषध एकदम शरीरात उतरते.
- उरलेल्या गोळ्या 'पुढे लागतील' म्हणून साठवू नका. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी १७ औषधे कचऱ्यात न टाकता संडासात टाकून पाणी सोडावे. वापरलेला पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडावा.

डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न

१. यात ओपिऑइड आहे का? औषधाचे मूळ नाव काय?

२. किती दिवस घ्यायची आणि कधी थांबवायची?

३. माझ्या चालू गोळ्यांसोबत ही चालेल का? सगळी पाकिटे समोर ठेवूनच विचारा.

४. बद्धकोष्ठतेसाठी काय करू?

५. याशिवाय दुसरा उपाय आहे का? गुडघे-कंबरेच्या जुन्या दुखण्यात व्यायाम, फिजिओथेरपी, वजन कमी करणे आणि शेक यांचा लांबवर जास्त फायदा होतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*ऑपरेशननंतर ट्रॅमाडॉल दिले आहे. घेऊ का?*
हो, सांगितल्याप्रमाणे घ्या. तीव्र वेदनेत थोड्या दिवसांचा वापर योग्य आहे. बहुतेकांना तीन दिवस पुरतात, आठवड्यापेक्षा जास्त क्वचितच लागते.

*इंजेक्शन घेतल्यावरच बरे वाटते. आठवड्याला घेतले तर?*
आधी कशाचे इंजेक्शन आहे ते विचारा. दर आठवड्याला इंजेक्शन लागत असेल तर दुखण्याचे कारण शोधायचे राहून गेले आहे.

*दिवसभर काम करायचे असते, गोळी घेतल्याशिवाय अंग हलत नाही.*
ऊसतोडणी, माथाडी किंवा बांधकामावर असणारे अनेकजण हे सांगतात. कष्टाचे दुखणे खरे असते. पण गोळीशिवाय दिवस सुरूच होत नसेल तर ते अवलंबित्वाचे पहिले लक्षण आहे. लाजू नका, दवाखान्यात येऊन सांगा.

त्या आजी आजही तपासणीला येतात. येताना मुलगा एक कापडी पिशवी आणतो आणि त्यातली सगळी पाकिटे टेबलावर ओततो. मी एकेक नाव मोठ्याने वाचतो, मगच चिठ्ठी लिहितो. तुम्हीही पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना अशी पिशवी बरोबर न्या. डॉक्टर विचारायला विसरले, तरी पाकिटे समोर असतील.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषध सुरू करणे, बदलणे किंवा बंद करणे आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.*